ताई हे बघ

३ मार्च

श्री. मुख्य फिटर यांस,

नमस्कार-चमत्कार झाले असं समज. तुझी तब्येत, घरची खुशाली, पंपदुरुस्तीचं दुकान, सगळं ठीक असेलच. ठीक नसतं तरी तू कळवलं नसतंस. गप्प बसणं तुला किती छान जमतं ते मी आठ वर्षांपूर्वी पाहिलं आहे. इकडे मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, आवाज शाबूत आहे.

कागदावर लिहिते आहे, कारण ईमेल केलं असतं तर माझं नाव बघून तू उघडलं नसतंस. न वाचता बाजूला सारायची सवय एकदा लागली की माणूस कुणाचंच वाचत नाही.

आता कामाचं. आगीचा खटला पुन्हा उभा राहिला आहे. कंपनीच्या वकिलानं कोर्टात सांगितलं, "सोल्यूशनच्या खोलीतला पंखा कमजोर आहे, असं आगीच्या आधी आम्हाला कुणीही कळवलं नव्हतं." कुणीही! चपलांचे तळ चिकटवायचं ते सोल्यूशन, त्याची वाफ ठिणगीची वाट बघत दिवसभर खोलीत साचलेली, आणि ती बाहेर ओढायला एकच पंखा. दोन बायका त्या खोलीत भाजल्या आणि गेल्या. त्यातली एक, आपण शिट्टी म्हणायचो ती. आणि हा गृहस्थ टाय सरळ करत म्हणतो, कुणी कळवलं नाही. मी उठून उभी राहिले, तर न्यायाधीश म्हणाले, "बाई, ही सभा नाही. कागद आणा." त्या वर्षीचा सगळा पत्रव्यवहार महिन्याभरात दाखल करा, असा हुकूम झाला.

कागद म्हणजे संघटनेची मेलपेटी. अकरा वर्षं, एक्केचाळीस हजारांवर पत्रं. त्या पेटीत शोधायला गेलं की ती आपल्याला हवं ते दाखवत नाही, तिला वाटतं ते दाखवते. अगदी आपल्या मॅनेजरसारखी.

मग मी सूचीबाईंना बोलावलं. वाचनालयात कार्डांच्या खणांमागे बसायच्या, त्याच. आता निवृत्त आहेत. माऊस धरला की मनगट दुखतं, म्हणून कॉम्प्युटरवर सगळं कमांड टाईप करूनच करतात. आल्या त्या दारातच म्हणाल्या, "अध्यक्षबाई, तुमच्याकडे वाचनालयाचं एक पुस्तक एकोणीस वर्षं आहे. गाजलेल्या भाषणांचं. संपलं का?" मी म्हटलं, आधी हे करू. "तुमचं सगळं आधी हे, मग ते," म्हणाल्या, आणि खुर्ची ओढली.

काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं. पहिल्या प्रोग्रामनं सगळी पत्रं आपल्या मशीनवर उतरवली, एका पत्राची एक फाइल. त्याला दीड दिवस लागला. दुसरा प्रोग्राम त्यांची सूची करणारा. मला वाटलं आता ही पत्रं वळवील, ढवळील. बाई म्हणाल्या, "पुस्तक कपाटात, कार्ड खणात. हा फक्त कार्डं लिहितो. पुस्तकाला हात लावत नाही." कोणी पाठवलं, कोणाला, कधी, आत कुठले शब्द, हे सगळं डेटाबेसमध्ये. शिवाय प्रत्येक पत्राला खुणा लावता येतात. माझ्या जुन्या फोल्डरांची नावंच बाईंनी खुणा म्हणून वापरली.

सूची करण्याआधी प्रोग्राम पाच-सहा प्रश्न विचारतो. नाव काय, पत्ता काय, जुने पत्ते कोणते, पत्रं कुठे ठेवली आहेत. शेवटचा प्रश्न: शोधताना कोणत्या खुणांची पत्रं वगळायची?

"रद्दी," मी सांगितलं. "जाहिराती. आणि नंतर."

"नंतर काय?"

"'नंतर' हे फोल्डर आहे. सुविचार, वाढदिवसाच्या शुभेच्छा, कुणाच्या मेहुण्यानं पाठवलेले विनोद. नंतर वाचीन म्हणून टाकलेलं."

"मग वाचलंत?"

"बाई, मी संघटना चालवते."

"म्हणजे नाही." त्यांनी खांदे उडवले आणि तिन्ही नावं टाईप केली.

दुपारच्या चहापर्यंत सूची तयार. 'पंखा' हा शब्द घालून शोधलं. चौसष्ट पत्रं. त्यातली एकतीस कँटीनच्या पंख्याची! साहेबांच्या टेबलावर वारा येत नाही, साहेबांच्या टेबलावर वारा जास्त येतो. बाकीची इकडची तिकडची. सोल्यूशनच्या खोलीच्या पंख्यावर एक ओळ नाही.

मग तुझं नाव घालून शोधलं. एप्रिलपर्यंत ढीग. विषयाच्या जागी कायम एकच मजकूर, 'ताई हे बघ'. आत कुठलीशी जळकी वायर, तुटका स्विच, सैल झालेला नट. एप्रिलनंतर आगीपर्यंत काय? काही नाही. हा प्रोग्राम 'सापडलं नाही' एवढंही म्हणत नाही. नुसती खालची ओळ लुकलुकत राहते. मी त्या लुकलुकण्याकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. एप्रिलमध्ये तुला मुख्य फिटर केलं, आठवतं? बढती मिळाली आणि तोंडाला कुलूप लागलं. मी गेटवर जे बोलले त्यातला शब्द न् शब्द खरा होता, त्याचा पुरावा आता डेटाबेसनंच दिला.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये तू स्वतः म्हणाला होतास, "मला माहीत होतं हे होणार." शिट्टी आत पट्ट्यांमध्ये गुंडाळलेली, आणि तुला माहीत होतं! पुढे म्हणालास, "ताई, तू तर..." मी म्हटलं, माझं नावसुद्धा तोंडात घेऊ नकोस. आणि चौथ्या दिवशी गेटवर, दोन हजार माणसांसमोर सांगितलं की ज्यांना माहीत होतं आणि जे गप्प बसले त्यांत माझा सख्खा भाऊ आहे. तू मागच्या रांगेत उभा होतास. एक शब्द बोलला नाहीस. निर्दोष माणूस असा उभा राहतो?

तर मुद्दा एवढाच. मॅनेजरला तू कधी काही लेखी दिलं होतंस का? दिलं असलंस तर प्रत पाठव. नसलंस तर तसं लिहून पाठव, तेही कोर्टात कामाला येईल. दया म्हणून नाही, साक्षीदार म्हणून मागते आहे.

अध्यक्ष, कामगार संघटना
(नात्यानं कोण लागते ते या पत्रापुरतं बाजूला.)


१२ मार्च

अरे शहाण्या,

तीन शब्द! आठ वर्षांनी बहिणीला पत्र, आणि त्यात तीन शब्द. 'तुझ्याकडेच आहे. शोध.' तुला टपालहशिलाचं तरी काही वाटायला हवं होतं.

मी ते कार्ड भर ऑफिसात मोठ्यानं वाचलं. म्हटलं, बघा, हा माझा भाऊ, दुसऱ्याच्या खांद्यावर बसून वाट दाखवणारा. सूचीबाई चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, "वगळायच्या यादीत काय काय घातलं होतं आपण?"

"रद्दी, जाहिराती, नंतर."

"वाचनालयात एकदा आमचं एक कपाट हरवलं होतं," त्या म्हणाल्या. "चोरीला गेलं नव्हतं. त्याची कार्डं कुणीतरी 'तपासायची आहेत' म्हणून वेगळ्या खणात ठेवली आणि विसरलं. पुस्तकं समोर उभी. सहा वर्षं लोक मागायला यायचे आणि मी त्यांच्या तोंडावर सांगायची, नाही. खण उघडून बघितल्यावरच सांगायची हं, खोटं नाही बोलायची."

मग त्यांनी तोच शोध पुन्हा टाईप केला. तुझं नाव, एप्रिल ते नोव्हेंबर. मागे फक्त एक शब्द जोडला: वगळू नकोस, असं प्रोग्रामला सांगणारा.

पडदा वर सरकायला लागला. थांबेचना.

दोनशे तेरा.

सगळ्यांना 'नंतर'ची खूण. सगळ्यांना 'न वाचलेलं' ही खूण. आणि सगळ्यांचा विषय एकच. मला सांग, माणसानं विषयाच्या जागी विषय लिहू नये? 'धोका' लिहावं, 'तातडीचं' लिहावं, 'पंखा' लिहावं! दोनशे तेरा वेळा 'ताई हे बघ', 'ताई हे बघ', लहान पोरानं पदर ओढावा तसं! तुटक्या नटालाही तेच आणि... तुला शाळेत पत्रलेखन शिकवलं होतं की नाही? मीच शिकवलं होतं ना? विषय ठळक लिही, बाकी वाचणारा वाचेल न वाचेल, असं सांगितलं होतं की नव्हतं?

सूचीबाईंनी खुर्ची सोडली आणि मला बसायला सांगितलं. त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

काय सापडलं ते या पत्रात लिहीत नाही. लिहिणार नाही असं नाही. तुला माहीतच आहे, तूच लिहिलेलं आहेस. ४ ऑक्टोबर, अकरा वाजून चाळीस मिनिटं. तेव्हा मी कुठे होते ते मला आठवत नाही. रोजनिशी काढून बघितली, त्या दिवशी फक्त 'बोलणी, तिसरी फेरी' एवढं आहे. तुला आठवतं का? नको, कळवू नकोस.

वकिलांची तारीख जवळ आली आहे. खूप कामं पडली आहेत.

मी


२१ मार्च

धाकट्या, हे बघ.

बाकी काही लिहिण्याआधी तुझं पत्र तुलाच उतरवून देते. मशीन बदललंस तेव्हा तुझी प्रत गेली असं तुझ्या शेजारच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं. तू फोनवर आला नाहीस ते बरंच केलंस.

'ताई, सोल्यूशनच्या खोलीतली मोटर जळाली होती, काल नवी बसवली. नवी अर्ध्या ताकदीची आहे, स्टोअरमध्ये तीच होती म्हणे. मी जाळीला कागदाची पट्टी धरली. चांगला पंखा असला तर पट्टी जाळीला चिकटते. ही सरळ खाली लोंबते. फोटो जोडलाय. बायकांची डोकी दुखतात. मॅनेजरला हेच पत्र पाठवतोय, पण माझं कोण ऐकतं. तू बोललीस तर ऐकतील. शिट्टीला मी दार उघडं ठेवायला सांगितलंय.'

फोटोत कागदाची पट्टी आहे, तुझी दोन बोटं आहेत, काळ्या ग्रीसची. पट्टी सरळ खाली लोंबते आहे.

पत्राच्या माथ्यावर 'प्रति' मॅनेजर. त्याखाली 'प्रत' मी. आग लागली १४ नोव्हेंबरला. सहा आठवडे ते पत्र माझ्याकडे होतं. माझ्याच मशीनवर, मीच नाव दिलेल्या फोल्डरात.

ते फोल्डरात गेलं कसं, तेही शोधून काढलं. त्या एप्रिलमध्ये पगारवाढीची बोलणी सुरू झाली होती. रोज शंभर पत्रं यायची आणि मधेमधे तुझे नट-बोल्ट. वैतागून मी एक नियम लावून टाकला: विषयात 'ताई हे बघ' असेल तर थेट 'नंतर'मध्ये. रविवारी निवांत वाचीन म्हटलं. असा रविवार आला नाही. नियम लावल्याचंही विसरले. तुझी पत्रं यायची थांबली ते मला जाणवलंसुद्धा नाही, हेच सगळ्यात वाईट. आणि आता सूची करताना प्रोग्रामनं सरळ विचारलं, कुणाला वगळू? तर मी दुसऱ्यांदा तेच उत्तर दिलं, तेही चहाचा घोट घेत.

चहूकडे बोंब मारत फिरले, कळवलं नाही, कळवलं नाही म्हणून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

मी दोनशे तेरा पत्रं वाचली. सगळी. चार दिवस ऑफिसात बसून, ओळीनं. जिन्याचा सैल कठडा, तो मी वाचला असता तर दुरुस्त करून घेतला असता. पॅकिंगमधल्या बाईची नोकरी तू कुणाला न सांगता वाचवलीस, तेही त्यातच कळलं. आणि मग शेवटचं. गेटवरच्या सभेच्या दुसऱ्या दिवशीचं.

'ताई हे बघ. काल तू बोललीस ते ऐकलं. तू ते पत्र वाचून कानामागे टाकलंस असं मला वाटत होतं. बोलणी मोडू नयेत म्हणून टाकलं असशील. मी काल हात वर करून सांगितलं असतं तर तुझं भाषण तिथेच पडलं असतं आणि तुझ्यामागे संघटना पडली असती. दोघींच्या घरच्यांना आता भांडायला तूच आहेस. म्हणून गप्प राहिलो. मी जातो.'

कोणी सांगितलं होतं तुला? कोणी? कुठल्या पुस्तकात वाचलंस हे, की बहिणीची इभ्रत राखायला आपण मान खाली घालून गाव सोडावं? मी चोर आहे असं तुला वाटत होतं तर चोर म्हणायचं होतंस! त्या रांगेतून उठून, दोन हजार माणसांत, 'ताई, खोटं बोलतेस' एवढं ओरडायचं होतंस! मी तुझ्या मुस्काटात दिली असती, मग घरी जाऊन पेटी उघडली असती, आणि आठ वर्षं वाचली असती. तू मला वाचवलं नाहीस. तू मला आठ वर्षं बोलू दिलंस. वक्त्याला याहून मोठी शिक्षा नाही, आणि ती शिक्षा आहे हे त्याला कळतही नाही. आठ वर्षं 'गप्प बसणारे' या विषयावर मी टाळ्या घेतल्या. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तो विषय मला तूच दिला होतास.

आता वकिलांचं ऐक. त्यांना पत्र दाखवलं तर खुर्चीतून उठलेच. "ताई, जिंकलो! मॅनेजरला कळवलं होतं, तारखेसकट!" मग त्यांची नजर दुसऱ्या ओळीवर गेली आणि ते बसले. पेनाचं टोपण लावत म्हणाले, "ही 'प्रत'ची ओळ छापायलाच हवी असं नाही. मॅनेजरचं नाव दिसलं की आपलं काम झालं."

"म्हणजे कापायची?"

"कापायची नाही हो. दिसणार नाही अशी छापायची."

मी म्हटलं, "साहेब, आठ वर्षं जो पत्र वाचून गप्प बसला त्या मॅनेजरला मी राक्षस म्हणते. पत्र न वाचता गप्प बसलेल्या बाईला काय म्हणायचं ते लोकांना ठरवू दे."

"कंपनीचा वकील तुम्हाला सोलून काढेल."

"काढू दे. मी चपलांच्या कारखान्यात आयुष्य काढलंय. कातड्याचं काय करतात ते मला माहीत आहे."

कार्यकारिणीत तर आरडाओरडा झाला. खजिनदार टेबलावर मूठ आपटून म्हणाला, कुणालाही कळणार नाही, डेटाबेस आपल्याच मशीनवर आहे, पुसून टाका. सूचीबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "कार्ड फाडलं म्हणून पुस्तक जात नाही." त्यानं त्यांना विचारलं, तुम्ही कोण. "मी सूची," म्हणाल्या.

काल मी ते पत्र अख्खं दाखल केलं. माथ्यासकट, फोटोसकट, 'नंतर' आणि 'न वाचलेलं' या दोन खुणांसकट. अध्यक्षपदाचा राजीनामा त्याच दिवशी दिला. तू जिच्यासाठी गेलास ती संघटना पडते की उभी राहते ते आता तिनं बघावं. जी एका बाईच्या अब्रूवर उभी होती ती पडलेलीच बरी.

पण दाखल करण्याआधी एका घरी जाणं भाग होतं.

शिट्टीची मुलगी आता कटिंगला आहे. तिच्या खोलीत एकच खुर्ची, ती मला दिली आणि स्वतः शिलाई मशीनच्या स्टुलावर बसली. मी पत्र तिच्या हातात ठेवलं. तिनं दोनदा वाचलं. तिचे ओठ हलत होते. फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "हे मामाचं बोट?" तुला ती अजून मामाच म्हणते.

मग तिनं विचारलं, "तुम्ही हे तेव्हा वाचलं असतं तर?"

"काम बंद केलं असतं."

"नक्की?"

धाकट्या, मी तोंड उघडलं. 'नक्की' हा शब्द मी आयुष्यात किती वेळा, किती मोठ्यानं म्हटला असेल. त्या दिवशी तो आला नाही. कारण ७ ऑक्टोबरला करारावर सह्या व्हायच्या होत्या. चार वर्षांचं भांडण, अठराशे घरांची पगारवाढ. ४ तारखेला मी खोली बंद पाडली असती तर मॅनेजर टेबलावरून उठला असता, ते मला पक्कं माहीत होतं. मी वाचलं असतं आणि म्हटलं असतं, तीनच दिवस, सह्या होऊ देत, मग बघू. मग अजून चार दिवस. तू माझ्याबद्दल जे समजलास ते खोटं आहे, मी वाचून कानामागे टाकलं नाही. पण अगदीच खोटं आहे असं छातीवर हात ठेवून मला म्हणता येत नाही. तू मला ओळखत होतास. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

मी तिला म्हटलं, "नक्की सांगता येत नाही."

ती रडली नाही. पत्राची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. म्हणाली, "मला एकटीला नका सांगू हे. जिथे मामाला बोललात तिथे सांगा."

म्हणून येत्या शुक्रवारी, पहिली पाळी सुटताना, साडेतीन वाजता गेटवर सभा आहे. तोच ओटा, तोच भोंगा. माझं भाषण म्हणजे तुझं पत्र, आणि त्याखाली दोन वाक्यं माझी. ती दोन वाक्यं मी बावीस वेळा लिहिली. इतकी पुस्तकं वाचली, एकही कामाला आलं नाही. भाषणांचं ते पुस्तकही परवा सूचीबाईंना परत केलं. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाल्या, "शेवटच्या पन्नास पानांची घडी मोडलेली नाही. टाळ्यांची भाषणं सुरुवातीलाच असतात, नाही का?"

तुझी क्षमा मागत नाही. मागितली की तू लगेच देशील, तुझा तो स्वभावच आहे, आणि मला पुन्हा तुझा राग येईल.

एक काम मात्र सांगते. मला लांबण लावायची सवय आहे, हे पत्रच बघ. पूर्वी मी सुटले की शिट्टी मागच्या रांगेतून दोन बोटं तोंडात घालून वाजवायची: पुरे. अख्खं गेट हसायचं आणि मी थांबायची. ती गेल्यापासून मला कुणी थांबवलेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत तिनं तुलाही शिकवायचा प्रयत्न केला होता, आठवतं? तुझ्या तोंडून नुसती हवा यायची, आणि ती म्हणायची, "अरे, पंक्चर झालाय हा!"

शुक्रवारी ये. मागच्या रांगेत, होतास तिथेच उभा राहा. मी पत्र वाचून झाल्यावर जर स्वतःचं समर्थन करायला लागले, जर बोलणी, करार, अठराशे घरं असलं काही तोंडातून आलं, तर वाजव. हवा निघाली तरी चालेल. मी कान देऊन उभी असेन.

आणि त्यानंतर, लोक पांगले की, हॉस्पिटलच्या पॅसेजमधलं ते वाक्य पहिल्यापासून म्हण. 'ताई, तू तर...' तिथून पुढे. मधे बोलणार नाही.

जिनं तुला अर्ध्यावर तोडलं ती,
ताई